फेस आला म्हणजे वास गेला नव्हे: व्हिनेगर-सोड्याच्या मेसेजला उत्तर

सांगली-साताऱ्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज सतत फिरतो. कुत्र्या-मांजरानं घरात लघवी केली तर वाटीभर व्हिनेगर, दोन चमचे खायचा सोडा आणि एका लिंबाचा रस एकत्र करून डागावर ओता. फेस आला की डाग सुटला. मग उकळतं पाणी टाका, वरून फिनाइल किंवा ब्लीचिंग पावडर मारा. वास कायमचा जाईल आणि प्राणी पुन्हा तिथं फिरकणार नाही. यातली जवळजवळ प्रत्येक पायरी चुकीची आहे, आणि एक तर जिवावर बेतणारी.

आधी फेस. व्हिनेगर आणि लिंबू आम्ल, सोडा त्याच्या उलट. दोन्ही एकत्र आले की एकमेकांचा जोर मारतात, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागं खारट पाणी उरतं. वास धरून ठेवणारे युरिक आम्लाचे स्फटिक साध्या पाण्यात फारसे विरघळत नाहीत. या पाण्यातही नाहीत. म्हणून उन्हाळाभर खोली ठीक वाटते आणि जूनमध्ये हवेत ओल आली की तोच कोपरा पुन्हा घमघमतो.

त्याहून मोठं नुकसान फरशीचं. गावभागातल्या जुन्या घरांतली शहाबादी घ्या, ओट्याचा कडप्पा घ्या, नाहीतर कोटा. हे सगळे चुनखडीचे दगड. मोझेकमध्येही संगमरवराची खडी आणि सिमेंट. शहाबादीवर नुसतं व्हिनेगर सांडलं तरी बारीक बुडबुडे दिसतात. तो डाग सुटत नसतो, दगड विरघळत असतो. पॉलिश उडून पांढुरका, खरखरीत चट्टा पडतो आणि पुढची लघवी तिथं आणखी खोल मुरते. व्हिट्रिफाइड टाइलला धोका नाही, पण तिचे सिमेंटचे सांधे आम्लानं झिजतात, आणि वास सांध्यांतच असतो.

आता ब्लीचिंग पावडर. महापूर ओसरल्यावर कृष्णाकाठच्या घरांना ती ओळखीची झाली आहे. लघवी कुजली की अमोनिया तयार होतो. त्यात ब्लीचिंग मिसळलं की क्लोरामाइन नावाचा विषारी वायू निघतो. आधी व्हिनेगर ओतलेलं असेल तर थेट क्लोरीन. बंद बाथरूममध्ये हे करणं म्हणजे छातीला अपाय ओढवून घेणं. असं झालंच तर तिथं थांबू नका, बाहेर मोकळ्या हवेत या. फिनाइल वास फक्त झाकतं. शिवाय काही फिनाइलमध्ये असणारं फिनॉल मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाही, आणि पंजाला लागलेलं ते चाटतंच.

उकळत्या पाण्यानं कापडावरचा डाग धाग्यात पक्का बसतो. गार पाणीच वापरा.

मग करायचं काय? ओलं असतानाच जुनं सुती धोतर किंवा टॉवेल दाबून टिपा, घासू नका. घासलं की डाग पसरतो. गार पाणी शिंपडून पुन्हा टिपा. जुन्या डागाला मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड आणा. बाटलीवर 6 टक्के असेल तर तितकंच पाणी घालून 3 टक्के करा. अशा 200 मिलीत एक मोठा चमचा खायचा सोडा आणि भांड्याच्या लिक्विडचे चार-पाच थेंब. हातमोजे घाला, 15 मिनिटं ठेवून टिपून घ्या. उरलेलं बाटलीत भरून ठेवू नका, वायू साठून बाटली फुटते. रंगीत कापड आणि काळा कडप्पा फिका पडू शकतो, म्हणून आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात पाहा.

दगडात मुरलेल्या डागाला सोडा-लिक्विड नको. नुसत्या 3 टक्के पेरॉक्साइडमध्ये चॉक पावडर श्रीखंडाइतकी घट्ट कालवा, बोटभर जाड थापा, वर प्लास्टिक चिकटवा. दिवसभरानं प्लास्टिक काढून लेप पूर्ण वाळू द्या, मग लाकडी पट्टीनं खरवडा. वाळताना तो आतला डाग वर ओढून घेतो.

सोफ्याला एन्झाइमचं क्लिनर (लघवीतले वासाचे घटक तोडणारं, बहुधा जिवाणू असलेलं) उत्तम, पण ते बहुतेक वेळा फसतं ते वापरण्याच्या पद्धतीमुळे. लघवी फोममध्ये खोल गेलेली असते आणि आपण वरच्यावर फवारतो. जितकी लघवी, त्याच्या दीडपट तरी द्रव आत जायला हवा. मार्च-एप्रिलच्या उन्हाळ्यात तो लगेच वाळतो आणि काम थांबतं. म्हणून ओलं कापड, त्यावर प्लास्टिक, रात्रभर. आधी फिनाइल मारलेलं असेल तर पाण्यानं दोनदा धुऊन टिपा, नाहीतर क्लिनरमधले जिवाणूच मरतील. कापसाची गादी मात्र भिजवू नका. तेवढा भाग उसवून कापूस काढून टाका, खोळ धुवा, गादी पुन्हा भरून घ्या.

राहिला प्राणी पुन्हा न फिरकण्याचा दावा. त्याचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण. फिनाइलखालचा वास त्याला येतोच. शिकवलेलं जनावर अचानक घरात करू लागलं तर मूत्रमार्गाचा दाह, खडे किंवा मधुमेह असू शकतो. बोका सारखा लघवीला बसतोय, जोर लावतोय आणि थेंबही येत नाही, तर मार्ग तुंबलेला असू शकतो. अशा वेळी सकाळची वाट पाहू नका, लगेच पशुवैद्यकाकडे न्या.