घरटं कुठं आहे, ते सांगू नका

गेल्या आठवड्यात चुलतभावाशी फोनवर वाद झाला, तो अजून मनातून गेलेला नाही. तो चिपळूणजवळच्या आमच्या गावी असतो. पावसाळ्यात तिथल्या ओढ्याकाठच्या दरडीत तिबोटी खंड्या बीळ करून अंडी घालतो. वीतभरही नाही एवढा पक्षी, पण निळा, जांभळा, केशरी असे रंग की बघणाऱ्याचं भान हरपावं. भाऊ हिरव्या कापडाचा आडोसा उभा करतो, मुंबई-पुण्याहून येणाऱ्या फोटोवाल्यांना तिथं बसवतो आणि माणशी पैसे घेतो. घरट्यावरची फोटोग्राफी सरसकट बंद करा, ही पक्षीप्रेमींची मागणी तिकडे जोरात आहे आणि भावालाही बरंच ऐकून घ्यावं लागलं आहे.

मी राहते त्या स्कॉटलंडमधला कायदा मी त्याला सांगितला. इथं १९८१च्या कायद्यानुसार दुर्मिळ पक्ष्यांच्या यादीतल्या कुठल्याही पक्ष्याला घरट्यापाशी त्रास देणं गुन्हा आहे, तिथं फोटो काढायचे तर परवाना लागतो. तो शांतपणे म्हणाला, "ताई, तिथं बसून कायदा सांगणं सोपं आहे. आपल्याकडेही १९७२चा वन्यजीव कायदा आहेच की. घरट्याला त्रास देणं म्हणजे शिकारच, असं लिहिलंय त्यात. पण दरडीपाशी पावसात उभं कोण राहतं?"

मला उत्तर सुचलं नाही. त्या रात्री इंग्रज लेखक आर्थर रॅन्समचं 'ग्रेट नॉर्दर्न?' हे मुलांसाठीचं पुस्तक पुन्हा वाचायला घेतलं.

पुण्याच्या ब्रिटिश कौन्सिल लायब्ररीत बाराव्या-तेराव्या वर्षी मी रॅन्समची ही मालिका वाचली. होड्या, बेटं, तंबू आणि मोठ्या माणसांशिवाय हिंडणारी मुलं. १९३० ते १९४७ या काळात आलेल्या बारा पुस्तकांतलं हे शेवटचं. शेवटचं म्हणून मी ते तेव्हा पुरवून पुरवून वाचलं होतं. आठ मुलं आणि त्यांतल्या दोघींचा मामा कॅप्टन फ्लिंट एका शिडाच्या जहाजातून स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या हेब्रिडीज बेटांत फिरत असतात. चष्मेवाल्या, अबोल डिकला एका तळ्यावर पक्ष्यांची जोडी दिसते. ग्रेट नॉर्दर्न डायव्हर हा बुड्या मारून मासे पकडणारा पक्षी हिवाळ्यात इथल्या समुद्रावर येतो, पण ब्रिटनमध्ये त्याचं घरटं तोवर कुणी सिद्ध केलेलं नसतं. पुस्तकाच्या नावातलं प्रश्नचिन्ह ते हेच. (स्कॉटलंडमध्ये त्याचं घरटं खरोखर सापडलं ते १९७० साली, रॅन्सम गेल्यावर तीन वर्षांनी.)

डिकला आपलं निरीक्षण बरोबर आहे का, हे कुणा जाणकाराकडून पडताळून घ्यायचं असतं. बंदरात पक्षितज्ज्ञ म्हणवणाऱ्या एका गृहस्थाचं जहाज असतं. डिक मोठ्या आदराने त्याच्याकडे जातो, आणि तिथं गेल्यावर कळतं की हा माणूस अंडी गोळा करणारा आहे. पक्षी मारून, पेंढा भरून, अंड्यांसकट संग्रहात मांडायचे, हा त्याचा बेत. तळं कुठलं हे डिक सांगत नाही, पण उपयोग होत नाही. तो माणूस माग काढत येतोच.

लहानपणी मला त्या अंडीचोराचा राग आला होता. या वेळी डिकपाशी अडखळले. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याला फक्त कुणीतरी "शाबास, बरोबर ओळखलंस" म्हणायला हवं होतं. आज आपल्याकडे घरट्याचा फोटो गावाच्या नावासकट टाकणारी बहुतेक माणसं तशीच असतात. पक्ष्यावर प्रेम असतंच, पण त्याहून कौतुकाची घाई मोठी असते. पुढच्या रविवारी दरडीसमोर वीस जण उभे राहतात. खंड्या चोचीत सापसुरळी धरून फांदीवर ताटकळतो आणि आत पिल्लं उपाशी राहतात. रॅन्समने ते बेट कुठलं हे वाचकांपासूनही लपवून ठेवलं, ते मला फार मोलाचं वाटतं.

आणखी एक माणूस या वेळी दिसला, डोंगरावरचा मुलगा. पुस्तक त्याच्यापासूनच सुरू होतं. तो तिथलाच, गेलिक ही तिथली भाषा बोलणारा. परकी मुलं आपल्या जमिनीवर लपतछपत का फिरताहेत, हे त्याला कळत नाही. हरणं बिथरवायला आलेत, असा त्याच्या घरच्यांचा समज होतो. आणि आपली ही लाडकी मुलं त्याला सरळ शत्रू धरून चालतात. बारा वर्षांची असताना मी मुलांच्या बाजूने होते. आता वाटतं, त्यांनी पहिल्याच दिवशी त्या मुलाशी बोलायला हवं होतं. कारण शेवटी खरी गोष्ट कळल्यावर घरटं वाचतं ते तिथल्याच माणसांच्या मदतीने.

इथं सगळं कायद्याने सुधारलं, हा माझा समजही तपासून पाहिला पाहिजे. अंडी गोळा करणं हा या देशात एकेकाळी प्रतिष्ठित छंद होता. बहुतेक पक्ष्यांच्या अंड्यांना कायद्याचं संरक्षण मिळालं ते १९५४ साली. त्यानंतरही १९५८ मध्ये माझ्या घरापासून तासाभरावरच्या लॉख गार्टन तळ्याकाठी, पहारा असताना, ऑस्प्रेची अंडी रात्री पळवली गेली. (हा आपल्या उजनीवर हिवाळ्यात मासे पकडताना दिसतो तोच पक्षी.) घरट्यात सापडली ती बुटांचं पॉलिश फासलेली कोंबडीची अंडी. पुढच्या वर्षी पक्षीसंस्थेने पहारा वाढवला आणि लोकांना सुरक्षित अंतरावरून दुर्बिणीतून घरटं बघायला बोलावलं. हजारो लोक आले आणि पिल्लं उडाली.

म्हणजे जागा लपवणं हाच एक उपाय, असंही नाही. पण ती उघड करायची ती पहाऱ्याची माणसं उभी राहिल्यावर, आणि अंतर त्यांनी ठरवायचं. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला हे आपणच करून दाखवलं आहे. तिथल्या किनाऱ्यावर कासवांची अंडी उकरून नेली जात. २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावाला बरोबर घेऊन ती राखायला सुरुवात केली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे गावातल्या घरांत उतरू लागले. पिल्लं समुद्राकडे जाताना लोक दोरीमागे उभे राहतात.

म्हणून सरसकट बंदीच्या मागणीवर मी आज सही करणार नाही. भावाचं उत्पन्न तोडलं तर दरडीपाशी उभा राहणारा एकमेव माणूस आपण घालवू. पण त्याच्या बाजूनेही पूर्ण नाही. आडोसा आज आहे तितक्या जवळ नको. एका वेळी दोन-तीनच माणसं हवीत आणि पिल्लांना भरवण्यात खंड पडतोय असं दिसलं, की पैसे परत करून सगळ्यांना उठवायचं धैर्य हवं. फोटोखाली गावाचं नाव नको. हे सगळं मी त्याला लिहून कळवलं आहे. "बघतो", एवढंच उत्तर आलं.

जूनमध्ये गावी जाणार आहे. भावाची मुलगी दहा वर्षांची आहे, ओढ्यावर बापाबरोबर तीही जाते. पुस्तक इंग्रजीत आहे, म्हणून रोज रात्री एकेक प्रकरण तिला मराठीतून सांगायचं ठरवलंय. सुरुवात आहे तशीच करणार, डोंगरावरून परक्यांकडे बघत उभ्या असलेल्या त्या मुलापासून.