दगडच तर आहे तो!

"चंद्राला इजा? दगडच तर आहे तो. तिथे राहतं कोण?" असं आमच्या घरच्या ग्रुपवर मामेभावाने, म्हणजे दादाने, लिहिलं आणि खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. निमित्त मीच दिलं होतं. नवाजो हे अमेरिकेतले मूळनिवासी लोक चंद्राला पवित्र मानतात, म्हणून तिथे माणसांची राख नेण्याला त्यांचा विरोध आहे, एवढंच मी कळवलं होतं. "म्हणजे अंधश्रद्धा तिकडेही आहे तर!" ही दादाची पुढची ओळ. दादा पुण्यात कोथरूडला राहतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

इथे अमेरिकेत, ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफमध्ये या गोष्टीला कुणी हसत नाही. चंद्राच्या भूशास्त्राचा पाया घालणारे युजीन शूमेकर इथलेच. अपोलोच्या अंतराळवीरांना सराव हवा म्हणून 1967 मध्ये गावाबाहेर सिंडर लेकच्या काळ्या माळावर सुरुंग लावून चंद्रासारखे खड्डे पाडले होते. शूमेकर गेल्यावर त्यांची चिमूटभर राख 'लूनर प्रॉस्पेक्टर' यानातून पाठवली गेली. नवाजो नेशनने, म्हणजे नवाजोंच्या स्वतःच्या सरकारने, आक्षेप घेतला, नासाने माफी मागितली, यापुढे आधी बोलू असं कबूल केलं. पण 31 जुलै 1999 ला ते यान, राखेसकट, दक्षिण ध्रुवाजवळ मुद्दाम आदळवलं. पाण्याची वाफ उडते का ते बघायचं होतं. काही दिसलं नाही. जानेवारी 2024 मध्ये 'पेरेग्रिन' पुन्हा माणसांची राख घेऊन निघालं, तेव्हा नवाजो अध्यक्ष बू नायग्रेन यांनी आधीच पत्र लिहिलं होतं. यान खासगी आहे, असं त्यांना सांगण्यात आलं. (इंधनगळती होऊन ते पृथ्वीच्या वातावरणात जळालं, ती गोष्ट वेगळी.)

आणि आमच्या ग्रुपवर गाजलेला वाद कुठला? 'जवाहर' की 'शिवशक्ती'! चांद्रयान-1 मधून सुटलेला, तिरंगा रंगवलेला चौतीसेक किलोचा प्रोब 14 नोव्हेंबर 2008 ला शॅकलटन विवराजवळ आदळला, ती जागा जवाहर. 2023 मध्ये विक्रम उतरला, ती शिवशक्ती. पाटी कुणाच्या नावाची यावरून सख्खे चुलते महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हते. आदळण्याआधी कुणाला काही विचारायचं असतं का, यावर मात्र एक अक्षर नाही. भावना दुखावून घेण्यात एरवी आपला हात कुणी धरणार नाही!

विज्ञानाला माझा विरोध नाही. 9 ऑक्टोबर 2009 ला नासाच्या एलक्रॉस मोहिमेत रॉकेटचा दोन टनांहून जड रिकामा टप्पा कॅबियस विवरात आदळवला आणि उडालेल्या धुरळ्यात दीडशे किलोच्या आसपास पाणी सापडलं. तो खड्डा मला मान्य आहे. अपोलो 12 चं रिकामं यान आदळवल्यावर चंद्र जवळजवळ तासभर थरथरत राहिला, त्यावरून त्याच्या पोटात काय आहे याचा अंदाज येऊ लागला. तेही मान्य. पण 1958 मध्ये अमेरिकी हवाई दलाने चंद्रावर अणुबॉम्ब फोडण्याचा अभ्यास केला होता आणि तरुण खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन त्यात होते. त्यातलं विज्ञान तोंडी लावण्यापुरतं, रशियाला दाखवायचा धाक खरा. संशोधनासाठी म्हटलं की सगळं माफ, हे मला म्हणूनच पटत नाही.

दादाचा एक मुद्दा बिनतोड वाटतो: उल्का तर तिथे रोजच पडतात. पडतात ना. पण उल्केला विचारता येत नाही, माणसाला येतं. शिवाय ध्रुवांजवळच्या ज्या विवरांत ऊन कधीच पोहोचत नाही, तिथला बर्फ अब्जावधी वर्षं जुना असू शकतो. विक्रमच्या उतरण्याने दोन टनांहून जास्त माती उडाली, हे इस्रोनेच मोजून जाहीर केलं, ते उत्तम केलं. आता त्याच भागात सगळ्यांना उतरायचं आहे. इंजिनांच्या धुरातली वाफ त्या विवरांत जाऊन गोठली, तर मूळचा बर्फ कुठला आणि आपण सांडलेला कुठला, हे पुढच्याने ओळखायचं कसं? 1967 च्या अंतराळ करारात हानिकारक दूषण टाळा असं नवव्या कलमात लिहिलं आहे. 1979 च्या चंद्र करारावर भारताने 1982 मध्ये सही केली, पुढे तो मंजूर केलाच नाही. अमेरिकेने सहीसुद्धा केली नाही.

आता कोथरूड. वेताळ टेकडीतून रस्ता आणि बोगदे नकोत म्हणून दादा फलक घेऊन उभा राहिला होता. तिथे राहतं कोण, असं मी विचारलं नाही. उलट त्याचा फोटो इथे ऑफिसात सगळ्यांना दाखवला.

दाखवताना खिडकीतून सॅन फ्रान्सिस्को पीक्स दिसत होती. नवाजोंच्या चार पवित्र पर्वतांपैकी पश्चिमेचा तो हाच. तिथल्या स्कीच्या उतारांवर प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याचा बर्फ पाडतात. त्याविरुद्ध ते कोर्टात गेले आणि हरले. माझ्या दोन्ही मुली त्याच बर्फावर स्की शिकल्या. नवाजो भागातल्या ट्यूबा सिटीला व्हॉलीबॉलची मॅच असली की घड्याळाचा घोळ होऊ नये म्हणून तासभर आधी निघायचं (उन्हाळी वेळेसाठी ते घड्याळ तासभर पुढे करतात, आम्ही करत नाही), इतपत त्यांचे रिवाज मी पाळते. दादाला मी 'तिकडची' वाटते. मॅचला शेजारी बसलेल्या नवाजो आजींना मी इथली वाटत असेन, पण ज्यांनी डोंगर घेतला त्यांच्यातली. संकष्टीला पुण्याचा चंद्रोदय धरायचा की इथला, हे आईलाही नक्की सांगता आलं नाही. मी इथला धरते.

दादाला हे सगळं लिहून पाठवलं, स्कीचं सोडून. त्याने पुन्हा तेच हसरे चेहरे पाठवले, आणि खाली विचारलं की दिवाळीला येताय ना.