गाडीची रोषणाई घरच्या घरी: इच्छुकांसाठी काही मौलिक सूचना

स्कूटर बनवताना कंपनी एक मोठीच चूक करून ठेवते. दिवे ती रस्ता दिसावा म्हणून बसवते. पुढे एक, मागे एक, वळण्याची सूचना द्यायला चार, आणि संपले. तुम्ही स्वतः रस्त्यावरून जाताना चारचौघांना दिसावे, तुमच्या येण्याची वर्दी चौकातल्या प्रत्येकाला मिळावी, फूटबोर्डाखालचा डांबरी रस्ता जांभळा व्हावा आणि मागून येणाऱ्याला, तुम्ही थांबणार की वळणार एवढे सोडून, तुमच्याविषयी बाकी सर्व काही कळावे, याची तिने काडीचीही सोय केलेली नसते. ही उणीव भरून काढण्याचे काम आता तुमच्याकडे आले आहे. त्यासाठी एक रविवार, एक स्क्रू ड्रायव्हर आणि भरपूर आत्मविश्वास एवढेच भांडवल लागते. यांपैकी स्क्रू ड्रायव्हर शेजाऱ्यांकडून मागून आणता येतो.

साहित्याच्या खरेदीला पुण्यासारखे शहर नाही. रंगीत एलईडी दिव्यांची पट्टी, तिचे रंग बदलणारा कंट्रोलर आणि वायर बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत मिळते, गाडीला बसवायचे म्हणून जे जे विकता येते ते ते नाना पेठेत मिळते, आणि दोन्हीकडचे भाव जड वाटले तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात जावे, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीवरून उतरलेला माल त्याच्या निम्म्या स्क्रूंसह पदरात पडतो. एक पथ्य मात्र कसोशीने पाळावे: ऑटो इलेक्ट्रिशियनच्या दुकानाची पायरी चढू नये. हा इसम माल दाखवायचा सोडून प्रश्नच विचारत बसतो. बॅटरी किती अँपिअरची आहे, पॉझिटिव्ह कुठून घेणार, मध्ये फ्यूज टाकणार की नाही, असले त्याचे प्रश्न असतात, आणि तुमचा सगळा अभ्यास तर रंग कोणता घ्यावा यावर झालेला असतो. पट्टी सिलिकॉनच्या थराची हवी की साधी, असे कोणी विचारलेच तर साधी मागावी. ती स्वस्त पडते, आणि जून ते सप्टेंबर हे चार महिने वगळले तर पुण्यात पाण्याचा गाडीशी संबंध फक्त ती धुताना येतो.

आता थोडे गणित, पण ते केवळ वाचून सोडून देण्यासाठी आहे. मीटरला ६० एलईडी असलेली बाजारातली नेहमीची रंगीत पट्टी तिन्ही रंग पूर्ण जोरात लावले असता मीटरमागे साधारण १४.४ वॅट खाते. स्कूटरच्या पोटाखाली आणि दोन्ही बाजूंनी फिरवायला अडीच मीटर पट्टी घेतली की ३६ वॅट झाले, म्हणजे १२ व्होल्टवर ३ अँपिअर. स्कूटरच्या हॅलोजन हेडलाइटचा बल्बही बहुधा ३५ वॅटचाच असतो. तेव्हा रस्ता दाखवायला जेवढी वीज लागते तेवढीच आता तुम्हाला दाखवायला लागणार आहे, आणि हे प्रमाण न्याय्यच म्हटले पाहिजे. गाडी बंद ठेवून मित्रमंडळींना रंग दाखवत बसलात तर ४ अँपिअर-तासांची बॅटरी कागदावरही जेमतेम सव्वा तास पुरते, आणि कागदावरची बॅटरी नेहमी नवी असते. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-सहा या प्रदूषण-मानकाच्या गाड्यांपैकी बहुतेकींत फ्यूएल इंजेक्शन असते आणि पेट्रोलचा पंपही बॅटरीवरच चालतो, त्यामुळे ती पूर्ण उतरल्यावर किक मारून उपयोग होईलच असे नाही. मित्रमंडळी मात्र तिथेच असतात. ढकलायला उपयोगी पडतात.

यानंतर फायबर, म्हणजे गाडीचे बाहेरचे प्लॅस्टिकचे आवरण, उघडण्याचा विधी येतो. सर्व स्क्रू काढून झाले तरी फायबर हलत नाही, कारण ते आतून लॉकमध्ये अडकवलेले असते. हे लॉक म्हणजे बोटाच्या पेराएवढी प्लॅस्टिकची जीभ. ती कोणत्या दिशेला सरकवायची हे मेकॅनिकला हाताच्या सवयीने ठाऊक असते आणि तुम्हाला ती तुटल्यावर कळते. पाचसात वर्षे उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचे फायबर कडक झालेले असल्याने हा शोध फार लवकर लागतो. त्याचे दुःख करू नये. केबल टाय नावाची वस्तू याच कारणासाठी निर्माण झालेली आहे, आणि काळ्या फायबरवर काळा टाय, सांगितल्याखेरीज, दिसत नाही. त्यानंतर पुढे आयुष्यभर खड्ड्याखड्ड्याला येणारा खडखडाट हा नव्या दिव्यांना लाभलेला पार्श्वसंगीताचा भाग समजावा.

मागचे फायबर उघडल्यावर एक मोहाचा क्षण येतो, त्यापासून सावध राहिले पाहिजे. तिथे टेललाइटचा बल्ब असतो, आणि त्याची काच आतून काळवंडलेली तुमच्या नजरेस पडण्याचा संभव असतो. या बल्बमध्ये दोन तारा असतात: ५ वॅटची रात्रभर मंद जळते, तर २१ वॅटची फक्त ब्रेक दाबल्यावर पेटते. मोठी तार गेली तरी छोटी चालूच राहते, त्यामुळे मागचा दिवा लागतो आहे अशी मालकाची कायम समजूत असते आणि ब्रेक लाइट गेल्याची खबर जगाला असली तरी त्याला नसते. हा बल्ब फार थोड्या पैशांत येतो आणि दाबून किंचित फिरवला की निघतो. पण तो बदलू नये. त्याला रिमोट नसतो, तो रंग बदलत नाही, गाण्याच्या ठेक्यावर नाचत नाही, आणि त्याचा फोटो काढून कोणाला पाठवावा असे त्यात काही नसते. शिवाय तो पेटलेला स्वतःला कधी दिसत नाही. ज्या दिव्याचा लाभ फक्त मागच्याला व्हायचा त्यावर तुम्ही का म्हणून वेळ घालवायचा?

जोडणीविषयी फार लिहिण्यासारखे नाही. पट्टी कापताना तांब्याच्या ठिपक्यांजवळ, तीन-तीन एलईडींनंतर, कात्रीची खूण छापलेली असते. ती खूण भित्र्या लोकांसाठी आहे. मध्येच कापली तर त्या गटातल्या एलईडी कायमच्या निजतात, एवढेच. वायरी सोल्डर करून त्यांवर आकसणारी नळी चढवणे ही वायरमन लोकांची हौस असून, तुम्ही दातांनी वायर सोलून, पीळ घालून, वर काळी टेप गुंडाळली तरी ती इंजिनाच्या पहिल्या उष्णतेपर्यंत उत्तम टिकते. फ्यूजचा विषय मात्र थोडा नाजूक आहे. फ्यूज हा दिव्याच्या रक्षणासाठी नसून वायरीच्या रक्षणासाठी असतो: वायर तापून पेटण्याआधी त्याने स्वतः वितळावे, असा त्या दोघांमधला करार असतो. त्यामुळे गाडीचा फ्यूज उडू लागल्यास त्याच्या जागी जास्त अँपिअरचा घालावा, तोही उडाल्यास चॉकलेटची चांदी घालावी, आणि असा सर्व बाजूंनी बंदोबस्त झाला की फ्यूजचे काम वायर स्वतः करू लागते. ती सहसा पेट्रोलच्या टाकीपासून फार लांब नसते.

पट्टी चिकटवण्याआधी जागा स्पिरिटने पुसून कोरडी करावी असे पाकिटावर लिहिलेले असते. तुम्ही फडक्याने झटकून घ्या. हे काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये रविवारी दुपारी चालू असताना सेक्रेटरीकाका येऊन उभे राहतील आणि, ‘काय रे, गणपतीला अजून अवकाश आहे ना?’ असे विचारतील. उत्तर देण्याच्या फंदात न पडता रिमोट दाबून दाखवावा. इथे एक बारीकशी अडचण उद्भवते. स्वस्तातला रिमोट इन्फ्रारेड असतो, घरच्या टीव्हीच्या जातीचा, आणि त्याला समोर रिसीव्हरचा डोळा दिसावा लागतो. तो डोळा तर तुम्ही नीटनेटकेपणाच्या भरात फायबरच्या आत बंद केलेला असतो. तेव्हा रंग बदलायचा झाला की सीट उघडून, आत हात घालून, वाकून बटण दाबावे लागते. नळस्टॉपच्या सिग्नलला हे आसन करणारा तरुण दिसला की जाणकार ओळखतात.

एवढ्यावर समाधान मानणारे लोक असतात, पण खरी कामगिरी हेडलाइटची आहे. जुन्या बल्बच्या जागी बसणारा, मागे चिमुकला पंखा असलेला एलईडी बल्ब आणावा आणि सरळ त्याच खाचेत दाबावा. मागचे रबरी टोपण पंख्यामुळे बसत नाही, ते ब्लेडने कापून टाकावे. त्यातून हेडलाइटमध्ये धूळ आणि दमटपणा शिरतो खरा, पण उजेड एवढा असतो की तिकडे बघायची कोणाची छाती होत नाही. एखाद्या जुन्या गाडीत हेडलाइटला बॅटरीतून नव्हे तर इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या मॅग्नेटोतून थेट वीज गेलेली असते, तिथे हा बल्ब इंजिनाच्या तालावर लुकलुकतो. ती त्याची जास्तीची कला समजावी. हॅलोजन बल्बमध्ये डिपरची, म्हणजे खाली पडणाऱ्या झोताची, तार नेमक्या जागी बसवलेली असते आणि तिच्याखाली पत्र्याची एक वाटीसारखी पन्हाळ असते, जेणेकरून प्रकाश रिफ्लेक्टरच्या वरच्याच अर्ध्या भागावर पडून खाली रस्त्यावर उतरावा. रिफ्लेक्टरचा एकूण एक बाक त्या तारेच्या जागेवर बेतलेला असतो. एलईडीची चिप तिथून केसभर जरी सरकलेली असली तरी हा सगळा हिशेब कोलमडतो आणि डिपर टाकलेला प्रकाशही समोरच्याच्या छातीवर न थांबता थेट डोळ्यांत जातो. म्हणजे अप्पर आणि डिपर यांतला उच्चनीच भेद तुम्ही एका दुपारीत मिटवलेला असतो.

तुमच्या बाजूने पाहिले तर चाकापुढच्या दहा फुटांत पिठूर चांदणे पडते. ते इतके लख्ख असते की डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात आणि त्यापलीकडचा खड्डा, कुत्रे किंवा दुभाजकाचे टोक यांचे दर्शन पूर्वीपेक्षा उशिरा होते. पण हा तोटा क्षुल्लक आहे. समोरच्याची अवस्था पाहावी. कात्रजच्या जुन्या घाटात, जिथे दुभाजक नाही आणि वळणे भरपूर आहेत, तिथे तुमच्या झोतातून बाहेर पडलेल्या माणसाला पुढचे काही क्षण गाडी केवळ आठवणीवर चालवावी लागते. वय जितके जास्त तितका डोळ्यांना सावरायला वेळ जास्त. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांचे हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप लागतात, तेव्हापासून पुण्यातल्या रस्त्यांवर दिवसाढवळ्या हाताची मूठ उघडझाप करून ‘लाइट चालू आहे’ असे कळवणाऱ्या परोपकारी काकांचा एक वर्गच तयार झाला. गाडी नवी आहे, बटणच नाही, हे त्यांना समजावताना अनेकांची तारुण्ये खर्ची पडली. तुमच्या नव्या बल्बने हा प्रश्न कायमचा सुटतो, कारण काकांचा तो हात आता त्यांच्याच डोळ्यांवर असतो.

कायद्याची भीती काहीजण घालतील. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या तपशिलाशी विसंगत असे बदल मालकाला परस्पर करता येत नाहीत, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार अशा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. तुमची पट्टी त्यात बसते की नाही याची चर्चा प्रत्यक्ष चौकात होते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये तर गाडीच्या पुढच्या बाजूला लाल दिवा दाखवू नये असे स्पष्ट म्हटले आहे. पण थोडा इतिहास पाहा. १ मे २०१७ ला, म्हणजे ऐन महाराष्ट्रदिनी, मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे उतरले. सार्वजनिक जीवनात त्यामुळे जी पोकळी निर्माण झाली ती सामान्य नागरिकाने स्वखर्चाने भरून काढली, याचे कौतुक राहिले बाजूला, उलट पावती हातात!

लाल रंगाची बाब तुमच्या इच्छेवर फारशी अवलंबूनही नसते. लाल एलईडीला निळ्या-हिरवीपेक्षा कमी व्होल्ट पुरतात. पहिल्या दोन-चार पावसांत टेपखालचे सांधे हिरवे पडले, दाब उतरू लागला, की आधी निळा मान टाकतो, मग हिरवा, आणि रिमोटवर पांढरे बटण दाबले तरी गाडी लालच उजळते. अशाच एखाद्या संध्याकाळी तुम्हाला बाजूला घेतले जाते. आता कौतुकाने विचारपूस होईल या अपेक्षेने तुम्ही थांबता, तर हवालदारसाहेब खालच्या पट्टीकडे ढुंकूनही न पाहता गाडीच्या मागे जाऊन उभे राहतात आणि, ‘ब्रेक दाबा बरं,’ एवढेच म्हणतात. अशा प्रसंगी घाबरून न जाता एका हाताने ब्रेक दाबावा आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने पट्टी चालू करावी, म्हणजे मागे काहीतरी लाल लागल्यासारखे वाटेल. त्यासाठी सीट मात्र आधीच उघडून ठेवलेले असावे.