लेझरच्या त्या मेसेजमुळे क्रीम बंद करू नका

"बाळंतपणानंतरचा सैलपणा, पाळी गेल्यावरचा कोरडेपणा, खोकताना सुटणारी लघवी. 15 मिनिटांचं योनीचं लेझर, तिन्ही गायब. एफडीए-मान्य. हजारो स्त्रियांचा अनुभव. क्रीमने कॅन्सर होतो. चवथीनिमित्त खास सवलत." भजनी मंडळाच्या ग्रुपवर हे वाचून फोंड्याच्या माझ्या मावशीने कोरडेपणासाठी डॉक्टरांनी दिलेलं क्रीम बंद केलं. आता गप्प बसवत नाही.

एफडीए-मान्य, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेची मान्यता? अर्धंच खरं. अशी यंत्रं अमेरिकेत गर्भाशयमुखाच्या किंवा योनीच्या कॅन्सरपूर्व पेशी आणि जननेंद्रियावरचे चामखीळ काढायला मान्य आहेत. कोरडेपणा, लघवी किंवा शरीरसुखासाठी नाहीत. उलट याच एफडीएने 30 जुलै 2018 रोजी जाहीर इशारा दिला, कारण भाजणं, व्रण पडणं, संबंधाच्या वेळी दुखणं, कायमची वेदना अशा तक्रारी आल्या होत्या. जाहिरातीत हे कुठे आहे?

हजारो स्त्रियांचा अनुभव मी खोटा म्हणत नाही. पण त्यातून लेझर सिद्ध होत नाही. सिडनीत पाळी गेलेल्या, कोरडेपणासारखा त्रास असलेल्या 90 स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एकीकडे खरं कार्बन डायऑक्साइड लेझर, तीन वेळा. दुसरीकडे लेझरचं नुसतं सोंग, आणि कोणाला काय मिळालं हे त्या बायकांना ठाऊक नव्हतं. 2021 मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आला: वर्षभरानंतर एका गटात आणि दुसऱ्या गटात लक्षणीय फरक नाही. काही जणींच्या योनीतले नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तिथेही नाही. सोंग मिळालेल्या बायकांनाही बरं वाटलं होतं! मग पैसे नेमके कशाचे घेता?

सगळ्यात संताप येतो तो क्रीमबद्दलच्या भीतीचा. जागच्या जागी लावायच्या कमी मात्रेच्या इस्ट्रोजेन (स्त्री-संप्रेरक) क्रीममधून रक्तात फार थोडं औषध जातं, आणि कोरडेपणावर ते उपयोगी पडतं हे अभ्यासांनी दाखवलं आहे. स्तनाचा कॅन्सर झालेल्यांनी आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं, हे मान्य. बाकीच्यांना घाबरवून उपचार सोडायला लावणं हे पाप आहे.

सैलपणाबद्दल एवढंच: बाळंतपणानंतर शरीर बदलतं, त्याला आजार ठरवून लाज विकू नका.

खोकताना लघवी सुटत असेल तर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम आधी करा. एका वेळी निदान 8 आकुंचनं, दिवसातून 3 वेळा, किमान 3 महिने. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) स्त्रीरोग विभागात विचारा, नाहीतर फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून घ्या. पुष्कळ बायका चुकीचेच स्नायू आवळत बसतात.