पिंप, फडकं आणि ‘अडाणीपणा’

नमस्कार. ‘डेंग्यूचं खापर हवामानावर फोडून तुम्ही लोकांचा अडाणीपणा झाकताय. आठवड्यातून एकदा भांडी कोरडी करा, डास होणारच नाहीत. शिकलेल्या सोसायट्यांत बघा,’ असं तुम्ही माझ्या डेंग्यूवरच्या लेखाबद्दल लिहिलंय. लेखभर मी उष्म्याबद्दल बोललो आणि पिंपांची एका ओळीत बोळवण केली, हे मान्य.

उष्म्याचा मुद्दा मात्र सोडणार नाही. रुग्णाला चावलेली एडिस मादी (डेंग्यू पसरवणारा डास तो हाच) लगेच रोग पसरवत नाही. विषाणू तिच्या लाळेपर्यंत पोचायला साधारण ८ ते १२ दिवस जातात. ती जगतेच मुळात दोन-चार आठवडे. हवा उबदार असली की विषाणूला लागणारे दिवस घटतात आणि मरण्याआधी चावायला तिला जास्त दिवस मिळतात. (नागपूरच्या मे महिन्यात मात्र खुद्द डासाचंच काही खरं नसतं.)

आता कोरडा दिवस, म्हणजे तुमचं ते आठवड्यातून एकदा भांडी कोरडी करणं. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा हिशोब. पण जिथे नळालाच आठ दिवसांनी पाणी सुटतं, तिथल्या बाईनं भरलेलं पिंप ओतायचं कुठे? लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं. तेव्हा ‘पाणी ओता’ म्हणत कुणी दारात गेला असता, तर त्याची आरतीच झाली असती! पावसानं ओढ दिली तरी डेंग्यू येतो तो या साठवणीमुळे. पिंपाला फडकं घट्ट बांधा, रिकामं झालं की आतून काथ्यानं घासा, एवढं तिला जमण्यासारखं आहे. घासायचं अशासाठी, की अंडी पाण्याच्या रेषेवर भांड्याला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही महिनोन्महिने टिकतात. नुसतं पिंप उपडं घालून ती जात नाहीत.

आणि शिकलेल्यांचं म्हणाल, तर सिंगापूर घ्या. नळाला चोवीस तास पाणी, घरात अळ्या सापडल्या तर दंड. तरी २०२० मध्ये तिथे डेंग्यूचे ३५ हजारांवर रुग्ण झाले. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार असतात; तिथे जोर धरलेला प्रकार बदलला होता आणि नव्या प्रकाराविरुद्ध लोकांत प्रतिकारशक्ती कमी होती, हे एक कारण. शिवाय कोविडमुळे माणसं दिवसभर घरात होती आणि हा डास चावतो दिवसाच. आता घरात बसणाऱ्यांना अडाणी म्हणायचं का?

आमच्याकडे गेल्या सप्टेंबरात आशाताई तपासणीला आल्या. कुंड्या, टाकी, सगळं ठीक. मग म्हणाल्या, ‘फ्रिज जरा पुढे ओढा.’ मागच्या ट्रेमध्ये अळ्या वळवळत होत्या. आमची सोसायटी तशी शिकलेलीच आहे.