नॉमिनी लावला म्हणजे काम संपलं?

‘नॉमिनी लावला की मृत्युपत्राची गरज नाही’ हा ग्राहकांसाठीच्या एका पत्रातला सल्ला घातक आहे. शेअर्स आणि म्युच्युअल फंडात नॉमिनी मालक होत नाही, पैसे फक्त त्याच्या हाती येतात. हक्क वारसांचाच, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये स्पष्ट केलंय. घोळ होतो तो जुन्या फोलिओंत, म्हणजे म्युच्युअल फंडाच्या खात्यांत. लग्नाआधी वडिलांचं नाव लावलेलं असतं, ते तसंच राहतं. नंतर नवरा गेल्यावर बायकोला सासऱ्यांकडून पैसे मागावे लागतात. हे किती वाईट!

सगळ्या गुंतवणुकींचं एकत्रित स्टेटमेंट मागवा, प्रत्येक फोलिओसमोरचं नाव वाचा, पॅनवरच्या स्पेलिंगशी ताडून पाहा. मृत्युपत्र साध्या कागदावरही चालतं, स्टॅम्पपेपर लागत नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच, आणि साक्षीदार शक्यतो लाभार्थी नसावा.