बाण दिसतो, पण तो बाण असतो का? बर्डीवाल्या भाऊंना उत्तर

भाऊ, संगणकावर → हे बाणाचं चिन्ह कसं टाइप करायचं या माझ्या मागच्या लेखावर तुम्ही नागपूरच्या सीताबर्डीवरून, म्हणजे बर्डीवरून, लिहिलंत: "बाणाचा एवढा बाऊ काहून करून राहिले? वर्डमध्ये --> टाकलं की बाण आपोआप येऊन जाते. बर्डीवर रोज हेच करून राहिलो, कोणाची तक्रार नाही. आणि तुमचं ते ऑल्ट २६ माझ्या लॅपटॉपवर चालतच नाही."

आधी शेवटची तक्रार, कारण तिथे चूक माझी. ऑल्ट दाबून २६ हे फक्त उजवीकडच्या वेगळ्या नंबरपॅडवर चालतं. वरच्या ओळीतले आकडे दाबून काही होत नाही आणि बऱ्याच लॅपटॉपना तो पॅडच नसतो. हे मी लिहायला हवं होतं. वर्डमध्ये २१९२ टाइप करा आणि लगेच ऑल्ट+एक्स दाबा, → येईल. मात्र आकडे इंग्रजी कीबोर्डवरून टाका. मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड चालू असेल तर देवनागरी आकडे उमटतात आणि बाण काही येत नाही. वर्डच्या बाहेर विंडोजची कळ आणि पूर्णविराम एकत्र दाबा, इमोजीची खिडकी उघडते, त्यात चिन्हांच्या भागात बाण आहेत. फोनवर जीबोर्ड असेल तर चिन्हांच्या दुसऱ्या पानावरची ^ ही कळ दाबून ठेवा.

आता तुमचा मुख्य मुद्दा. वर्ड --> चं जे करतो ते बाणासारखं दिसतं, पण युनिकोडचा (प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला क्रमांक देणारी जागतिक पद्धत) → नसतो. विंगडिंग्ज नावाच्या चिन्हांच्या फॉन्टमधली ती एक जागा असते. त्याच क्रमांकावर साध्या फॉन्टमध्ये डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए बसतो. म्हणजे विंगडिंग्ज आहे तोवर बाण, फॉन्ट गेला की ए. तुमच्या संगणकावर आणि प्रिंटमध्ये बरोबर दिसणारच, म्हणून तक्रार येत नाही. तोच मजकूर आउटलुकमधून मेल केला आणि समोरच्याने अँड्रॉइड फोनवर उघडला, की "खापरी ए सीताबर्डी" असं काहीतरी वाचायला मिळतं. नोटपॅडमध्ये चिकटवलं तर कधी रिकामी चौकटही. इंग्रजी मेलांमध्ये वाक्याच्या शेवटी एकटा 'J' दिसतो ना, तो याच घराण्यातला: हसरा चेहरा होता बिचारा.

सवय मोडायची गरज नाही, यादी सुधारा. वर सांगितल्याप्रमाणे खरा → कागदावर आणा, तो निवडा, मग फाइल → ऑप्शन्स → प्रूफिंग → ऑटोकरेक्ट ऑप्शन्स. उजव्या रकान्यात तुमचा बाण आलेला असेल. तो साध्या मजकुराच्या (प्लेन टेक्स्ट) पर्यायात आहे ना ते बघा. डाव्या रकान्यात --> लिहा आणि रिप्लेस दाबा. यापुढे तेच तीन ठोके, पण बाण खरा. <-- आणि ==> साठीही हेच करावं लागेल, त्यांचीही तीच गत आहे.

पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र तुमचंच बरोबर. त्याला युनिकोड कळतच नाही, खरा → चिकटवला तर प्रश्नचिन्ह होतं. तिथे सिम्बॉल फॉन्ट लावून नंबरपॅडवर ऑल्ट ०१७४ हाच रस्ता. डाव्या बाणासाठी ०१७२. फक्त त्या बाणाला श्रीलिपी किंवा कृतिदेव लागू देऊ नका. या जुन्या मराठी-हिंदी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. सगळा परिच्छेद निवडून फॉन्ट बदलला की बाणाच्या जागी एखादा भलताच तुकडा उगवतो.

एक्सेलचा घोळ वेगळा. सीएसव्ही फाइल (साध्या मजकुरातला तक्ता) यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड साठवायच्या पद्धतीत असली आणि एक्सेलने ती जुन्या पद्धतीने वाचली, तर एका बाणाची तीन चिन्हं होतात: टोपीवाला ए, खंजिराची खूण, अवतरण चिन्ह. कारण यूटीएफ-८ मध्ये → तीन बाइटचा आहे आणि एक्सेल प्रत्येक बाइट सुटा वाचतो. फाइल दोनदा क्लिक करून उघडू नका. डेटा टॅबमधून आणा आणि यूटीएफ-८ निवडा.

क्लासवाल्यांचे इंग्रजी एसएमएस तुम्ही बनवत असाल तर त्यात बाण अजिबात नको. साध्या इंग्रजी एसएमएसला १६० अक्षरं मिळतात. एक बाण शिरला की पूर्ण संदेश युनिकोडमध्ये जातो आणि मर्यादा ७० होते. १०० अक्षरांच्या एका संदेशाचे पैसे दोनचे. मराठी संदेश आधीच ७० वर असतो, तिथे बाणाने फरक पडत नाही.

नोट्स छापताना बाण हाताला येईल तो टाकू नका. नायट्रोजन + हायड्रोजन ⇌ अमोनिया यात दोन अर्धे बाणच हवेत, त्याचा युनिकोड क्रमांक २१सीसी (21CC). त्याऐवजी ↔ टाकला तर रसायनशास्त्रात अर्थ बदलतो, तो अनुस्पंदनाचा (रेझोनन्सचा) बाण आहे. नागपूर मेट्रोच्या माहितीत मात्र ↔ बरोबर: लोकमान्यनगर ↔ प्रजापतीनगर म्हणजे दोन्हीकडून गाडी. पण काही फोनवर हाच ↔ निळ्या चौकटीतला इमोजी होऊन बसतो. वर्डमध्ये त्याच्या लगेच नंतर एफई०ई (FE0E) लिहून, तेवढंच निवडून ऑल्ट+एक्स दाबा. एक अदृश्य खूण बसते, ती फोनला सांगते की हे अक्षर म्हणूनच दाखव. बहुतेक ॲप ते ऐकतात.